शनवार तेली, ससूनची गिरणी आणि धाटावचं गेट

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री जेवल्यावर वाचा. फक्त अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

सध्या पेण-रोह्यात चहाच्या टपरीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं असं: "ज्यू म्हणजे पैसेवाले. जगाची तिजोरी त्यांच्या हातात." हे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना ज्यूंचा राग असतो आणि निम्म्यांना भयंकर कौतुक, पण वाक्य दोघांचंही तेच. दुसरं वाक्य धाटाव एमआयडीसीच्या आसपास ऐकायला मिळतं: "सगळे भय्ये आणि ओडिशावाले भरलेत. त्यांना हाकला, आपल्या पोरांना आपोआप काम मिळेल."

वरवर बघता या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझं म्हणणं असं की रोग एकच आहे. माणसाचा धर्म बघायचा, प्रांत बघायचा, आडनाव बघायचं. पण पगार कोण देतो, कोण घेतो आणि मधे कोण खातो, ते मात्र बघायचं नाही. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं खोटी ठरवणारा इतिहास आपल्याच तालुक्यांच्या नावावर आहे. शब्दशः नावावर. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, केहिमकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर, तळकर. ही सगळी आडनावं ज्यू लोकांची आहेत. आपल्या बेने इस्राएल लोकांची.

नव्या पिढीला हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. पेणमध्ये सिनेगॉग आहे, रोह्याच्या कडेला अष्टमीत आहे, अलिबागला इस्राएल आळी आहे. जुनी माणसं सिनेगॉगला सरळ 'मशीद' म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची कथा. कधी फुटलं यावर विद्वानांना भांडू दे. आपल्यापुरतं इतकं पक्कं की ही माणसं शेकडो वर्षं कुलाब्यातल्या गावागावांत राहिली, मराठी बोलली, नऊवारी नेसली, मलिद्याचं ताट करून एलियाहू हन्नाबीची आठवण काढत राहिली.

आणि पोटासाठी काय करत होती? तिजोऱ्या सांभाळत होती का? घाणा चालवत होती. बैल जुंपून तेल गाळत होती. गावाच्या उतरंडीत तेल्याची जागा कुठं होती ते मी सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे ज्यू हा शब्द गावाला माहीत नव्हता, शब्बाथ माहीत नव्हता. हा माणूस आठवड्यातला एक दिवस काम करत नाही, एवढंच गावाला कळलं आणि तेवढंच त्याचं नाव झालं.

इथं जरा थांबा. कारण माझ्या सगळ्या मुद्द्याचं मूळ इथं आहे. आठवड्यातून एक दिवस माणूस काम करणार नाही आणि बैलही करणार नाही, हे आपल्या गावांत विजेचे दिवे यायच्या कितीतरी आधी मान्य होतं. खोतानं आरडाओरड केली असेल, सावकारानं तोंड वाकडं केलं असेल, पण घाणा बंद तो बंद. हीच माणसं नंतर मुंबईला गेली, सुधारलेल्या जगात, वाफेच्या इंजिनांच्या जगात. तिथल्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी नावाची गोष्टच नव्हती.

मुंबईला ती कशी गेली? इतर कोकणी गेले तशीच. पेणहून अंतोरा बंदरातून, धरमतरच्या खाडीतून, रेवसहून, मचव्यानं आणि पुढे बोटीनं. रेल्वे रोह्याला पोचली ती १९८६ साली. त्या काळी मुंबई म्हणजे मुख्यतः पाण्याचीच वाट. सुरुवातीला बरेच जण कंपनी सरकारच्या पलटणीत गेले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यातलेच. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मांडवी-डोंगरीत त्यांच्या नावाचा सॅम्युअल स्ट्रीट आहे. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली 'मशीद' म्हणजे हे सिनेगॉगच, असं सांगतात. लोकलमधून रोज ते नाव वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पलटणीनंतर कारकुनी, रेल्वे, सुतारकाम, दवाखाने आणि गिरण्या. इस्राएल मोहल्ल्यातल्या खोल्या, मग माझगाव, भायखळा. रत्नागिरीकरांनी भरलेल्या चाळींहून फार वेगळं काही नाही. एका खोलीत किती माणसं राहायची, गावाकडे मनिऑर्डर किती जायची, गणपतीला (आणि यांच्या बाबतीत त्यांच्या सणांना) बोट कशी भरून यायची, हे सगळं एकाच साच्यातलं.

आता तुमच्या त्या 'पैसेवाल्या ज्यू'कडे येऊ. होता ना, तोही होता! डेव्हिड ससून १८३२ मध्ये बगदादहून मुंबईत आला. अफू आणि कापूस यांच्या व्यापारावर घराणं उभं राहिलं. ससून डॉक १८७५ चा. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीचं. पुढे या घराण्याच्या ई. डी. ससून कंपनीकडे मुंबईत इतक्या गिरण्या झाल्या की १९२० च्या दशकात शहरातल्या सगळ्यात मोठ्या गिरणीमालकांत त्यांची गणना होत असे. जेकब ससून, रेचल ससून, अपोलो, मँचेस्टर, अलेक्झांड्रा. १९४३ मध्ये त्या विकल्या गेल्या आणि त्यांची झाली 'इंडिया युनायटेड'. दादरच्या ज्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक होतंय, ती याच इंडिया युनायटेडची सहा नंबरची गिरणी.

म्हणजे एकाच शहरात, एकाच धर्माचे दोन लोक. एक पेणचा तेली, एक बगदादचा शेठ. धर्मभाऊ म्हणून शेठनं तेल्याला जवळ घेतलं असेल, असं वाटतं ना? १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्या सामायिक दफनभूमीत मधे भिंत घालून द्या. बेने इस्राएलांच्या कबरी एका बाजूला, आमच्या दुसऱ्या बाजूला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्राएल माणूस मोजायला बगदादी तयार नसत. हे खरे ज्यू नाहीत, इथल्या लोकांत मिसळलेत, काळे आहेत, अशी कारणं. देवासमोर मोजत नव्हते. गिरणीच्या हजेरीपटावर मात्र मोजत होते! ससूनच्या गिरण्यांत बेने इस्राएल लोक कामाला होतेच.

(आणि आपली माणसंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बेने इस्राएलांत स्वतःतच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या समाजातल्या बाईपासून झालेली संतती ती काळी, तिच्याशी सोयरीक नाही. जातीचा वारा कोकणात कुणाला लागला नाही सांगा.)

आता सुट्टीची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे. जोतिबांचा सत्यशोधक चेला, 'दीनबंधु'चा संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. मागण्या काय होत्या ते वाचा आणि आजच्याशी ताडून बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जायबंदी झाला तर भरपाई. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० मध्ये! १० जून १८९० ला मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

तर रविवार हा असा मिळालाय. कुणा साहेबानं चर्चला जायचं म्हणून फुकट दिलेला नाही, मालकांच्या देवळातून प्रसाद म्हणून आलेला नाही. रविवारी दुपारी मटण खाऊन लोळताना लोखंड्यांची आठवण काढत जा अधूनमधून.

त्यानंतर १९२८. आपल्याकडे हा संप डांगे-निंबकरांच्या नावानं ओळखला जातो आणि तो तसा ओळखला जावाच. पण ठिणगी कुठून पडली? १९२७-२८ मध्ये ससूनच्या गिरण्यांनी 'एफिशियन्सी' आणली. सूतखात्यात एक माणूस एक बाजू सांभाळायचा, त्याला दोन द्या. साचाखात्यात विणकर दोन साचे चालवायचा, त्याला तीन द्या. पगार वाढला, पण कामाच्या मानानं फार कमी. आणि जी माणसं उरली ती घरी. शब्द बघा किती गोंडस, 'कार्यक्षमता'. हल्ली त्याला वेगळं काहीतरी म्हणतात, स्लाईडवर दाखवतात, अर्थ तोच.

ससूनच्या गिरण्यांतून ही खदखद सगळ्या गिरणगावात गेली. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. याच संपात मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मली. हजारो लोक बोटी पकडून, गाड्या पकडून गावी आले आणि भातलावणीला लागले. संप सहा महिने टिकला त्यात भाषणांचा वाटा असेल तितकाच कोकणातल्या आणि घाटावरच्या भाताचाही आहे. गावानं पोसलं म्हणून शहरातला कामगार ताठ उभा राहिला. हे कुणी पुतळ्यावर लिहीत नाही.

आता मला सांगा, गिरणीमालक ज्यू होता म्हणून हा संप ज्यूंच्या विरोधात होता का? त्या संपात टाटांच्या, पेटिटांच्या गिरण्याही बंद होत्या. पारशी मालक, हिंदू मालक, ज्यू मालक मालकसंघात एका टेबलाला बसत होते. त्यांना धर्म आड येत नव्हता. धर्म, जात, गाव आड यायचं ते फक्त कामगाराला.

आणि ते येत होतं, हे लपवायचं काही कारण नाही. साचाखात्यात पगार सगळ्यात चांगला. तिथं अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण? धोट्यातला धागा संपला की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, तो उष्टा होणार म्हणून. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना नेमकं हेच विचारलं, की तुमच्या मागण्यांच्या यादीत हे का नाही? कामगार सगळे एक म्हणता, मग साच्यावर आमचा माणूस का नको? या प्रश्नाला लाल बावट्याकडे त्या वेळी धड उत्तर नव्हतं. एकी ज्यांनी मागितली त्यांनीच आपल्या खात्याचं दार बंद ठेवलं होतं. बाबासाहेबांनी पुढच्या वर्षीच्या संपाला विरोध केला, त्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी तो धोटा आठवावा.

आणखी एक घटना, जी धाटावच्या गेटवर 'हाकला' म्हणणाऱ्यांनी पाठ करून ठेवावी. १९२८ च्या शेवटी शिवडीच्या तेल कंपन्यांत संप झाला. मालकांनी संप फोडायला पठाण मजूर आणले. संपकरी आणि पठाण यांच्यात ठिणग्या उडायला लागल्या. मग शहरात अफवा सुटली, की पठाण लहान मुलं पळवतात. फेब्रुवारी १९२९ मध्ये दंगल पेटली आणि बघता बघता ती हिंदू-मुसलमान दंगल झाली. माणसं मेली, कामगाराची एकी गेली, तेल कंपनीचं काय गेलं? मार्चमध्ये सरकारनं पुढारी मीरत कटात आत टाकले.

मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर येतात ना तुमच्या? तारीख तेवढी बदललेली असते.

एक प्रसंग मला फार आवडतो. १९२९ मध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं, व्हिटली कमिशन. त्यात मालकांकडून कोण? सर व्हिक्टर ससून. आणि कामगारांकडून? नारायण मल्हार जोशी. हे ना. म. जोशी कुठले? आपल्या गोरेगावचे. मुंबईचं गोरेगाव नव्हे हो, माणगाव तालुक्यातलं. डिलाईल रोडला आता त्यांचं नाव आहे, पण रायगडात किती जणांना ते आपले म्हणून माहीत आहेत? १९१९ ला वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली तिला हा माणूस कामगारांचा प्रतिनिधी म्हणून गेला, १९२० ला आयटक उभी करणाऱ्यांत होता. एका टेबलावर बगदादी गिरणीमालक आणि कुलाब्याचा मास्तर. पुढे सर व्हिक्टर आपला बहुतेक पैसा उचलून शांघायला घेऊन गेले. तिथं त्यांनी हॉटेलं बांधली. पेणच्या ज्यू कारकुनाला शांघायला कुणी नेलं नाही.

बेने इस्राएलांतले सगळेच गरीब होते असंही माझं म्हणणं नाही. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळीच्या गिरण्यांजवळून जातो तो डॉ. ई. मोझेस रोड त्यांचाच. १९१६ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूनं जिनांबरोबर वकिलांत एरुळकर होते. कवी निस्सीम इझिकेल तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात काम करत होते. हैम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. शिकले, वर आले. कोणताही समाज वर येतो तसाच.

मग १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. का गेली याची एकच एक गोष्ट नाही. धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची काळजी होती, भाऊ गेला म्हणून दुसरा भाऊ गेला. तिथं काय झालं बघा. १९५१ मध्ये बीरशेबाकडच्या आपल्या मंडळींनी रंगावरून भेदभाव होतो म्हणून धरणं धरलं, उपास केले. आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा म्हणाले. काही कुटुंबांना १९५२ मध्ये खरोखर परत पाठवलं गेलं. त्यानंतर तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची वंशावळ तपासायचा आदेश काढला. परत तोच प्रश्न, तुम्ही खरे ज्यू का? १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं, संसदेत विषय गेला, तेव्हा कुठे ती अट निघाली. शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी शेकडो वर्षं धर्म टिकवला, त्यांना धर्माचा दाखला मागितला गेला.

धरणं धरायचं कुठं शिकले असतील ही माणसं? मला विचाराल तर मुंबईत शिकले. आणि तिथं लोद, डिमोना, अश्दोदमध्ये अजून मराठी बोलणारी घरं आहेत, मराठीतून 'मायबोली' नावाचा अंक काढलाय त्यांनी. 'आपला देश, आपला धर्म, आपली माणसं' एवढ्यानं पोटाचा आणि मानाचा प्रश्न सुटत असता, तर त्यांना तिथं उपास करावे लागले नसते.

आता धाटाव.

मी स्वतः काही वर्षं एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. महिन्याला तीस ड्युट्या भरायच्या, पगारपत्रकावर सव्वीस. उरलेल्या चारचे पैसे पाकिटात, साध्या दरानं. ओव्हरटाईम हा शब्द कागदावर कधी आला नाही. साप्ताहिक सुट्टी विचारली की ठेकेदार हसून म्हणायचा, "घे की, पण उद्या तुझ्या जागी दुसरा असेल." तो दुसरा म्हणजे ओडिशाचा पोरगा. आणि ठेकेदार कुठला? आपल्याच तालुक्यातला. आपल्याच समाजातला. माझ्या काकांना तो 'नाना' म्हणून हाक मारायचा.

जुन्या गिरणीत याला जॉबर म्हणायचे. तो आपल्या गावची माणसं भरायचा, त्यांच्याकडून दस्तुरी खायचा, आणि गाववाला त्याचे उपकार मानायचा. आताच्या ठेकेदारानं एक सुधारणा केलीय. आपल्या गावची माणसं प्रश्न विचारतात, संध्याकाळी घरी जातात, आजारी पडली तर बायको कंपनीच्या गेटवर येऊन ओरडते. म्हणून तो बाहेरची भरतो. ती पोरं पत्र्याच्या खोलीत दहा-दहा राहतात, सुट्टी घेऊन जाणार कुठे? आणि मग तोच ठेकेदार, किंवा त्याचा भाऊ, भूमिपुत्रांच्या मोर्च्यात पहिल्या रांगेत! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीही पाहिलंय, फक्त बोलत नाही.

स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात का? शंभर टक्के मिळाव्यात. जमिनी आपल्या गेल्या, कुंडलिका आपली नासली, नाकात वास आपल्या जातो. पण 'हाकला' म्हणून त्या मिळत नाहीत. ओडिशाचा पोरगा स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो. त्याला तुमच्याइतकाच पगार, तीच सुट्टी, तोच दुप्पट ओव्हरटाईम मिळाला, तर ठेकेदाराला त्याला एवढ्या लांबून आणून ठेवण्यात काही फायदा उरत नाही. म्हणजे त्याच्या हक्कासाठी भांडणं यात तुमचाच स्वार्थ आहे. मी धर्मादाय सांगत नाहीये, हिशेब सांगतोय.

आणि घाई का, तेही ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. सरकार म्हणतं, आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे, कामगाराची लेखी संमती लागेल. कागदावर बरोबर आहे. पण ज्याला साप्ताहिक सुट्टी मागितली तर उद्या गेटवर उभं राहावं लागतं, तो संमतीच्या कागदावर सही करणार नाही तर काय करणार? बारा तासांची शिफ्ट एकदा रुळली की चार दिवस काम आणि तीन दिवस आराम कुणाला मिळणार आहे, तुम्हाला? धाटावमध्ये? तीन शिफ्टच्या दोन शिफ्ट होतील आणि तिसऱ्या शिफ्टची माणसं घरी बसतील. १९२८ मध्ये दोन साच्यांचे तीन केले होते, हा हिशेब त्याच वहीतला आहे.

यावर आपले पुढारी काय म्हणाले? मी शोधलं. गणपतीच्या शुभेच्छांचे बॅनर सापडले, दिवाळीचे सापडले, बारा तासांवर एकाही पक्षाचा बॅनर पेणमध्ये किंवा रोह्यात मला दिसला नाही. कुणी पाहिला असेल तर फोटो टाका. मात्र इस्राएलच्या बाजूनं आणि विरोधात, दोन्ही प्रकारचे स्टेटस त्याच लोकांचे भरपूर दिसले. तेल अवीवचं सगळं कळतं यांना, धाटावच्या 'बी' शिफ्टचं कळत नाही.

सिनेगॉगला भेट देऊन, टोपी घालून फोटो काढणाऱ्यांनाही एक विचारायचंय. २०१६ मध्ये राज्यानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, छान झालं. वारसा जपा म्हणता, तेही छान. पण शनवार तेल्याचा वारसा म्हणजे फक्त ती जुनी वास्तू आणि झुंबरं का? त्यानं सातवा दिवस कुणाच्या बापाला विकला नव्हता, तो वारसा कोण जपणार?

कमेंटमध्ये मला आता कम्युनिस्ट म्हणतील, परप्रांतीयांचा दलाल म्हणतील, ज्यूद्वेष्टा आणि ज्यूप्रेमी दोन्ही म्हणतील. म्हणा. चरीचा संप ज्या जिल्ह्यात सहा वर्षं चालला, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागं आपल्याच आजोबा-पणजोबांनी जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, लाकडं फोडून दिवस काढले, त्या जिल्ह्यात मला कुणी कामगारांच्या गोष्टी शिकवायला बाहेरून आलेला म्हणू नये, एवढंच.

एक काम करू या. धाटाव, नागोठणे, वडखळ, कुठंही ठेकेदाराकडे असाल तर गेल्या तीन महिन्यांचं हजेरी कार्ड आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवा. ड्युट्या मोजा. सुट्ट्या मोजा. ओव्हरटाईमचा रकाना बघा. जमलं तर फोटो मला इनबॉक्सला पाठवा, नाव कुठं येणार नाही. पुरेसे कागद जमले की कामगार आयुक्तांकडे एकत्र अर्ज देऊ, एकट्या-दुकट्याचा नको. आणि तुमच्या शेजारच्या खोलीत ओडिशाचा किंवा बिहारचा पोरगा राहत असेल तर त्याचंही कार्ड मागून घ्या. त्याची अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, आकडे सगळ्यांचे सारखेच असतात.